लळा लागायला वेळ लागतो. तो वेळ कोणी नेला?

मानसशास्त्रातले काही सिद्धांत आपल्या वस्तीत येतात तेव्हा ते सिद्धांत म्हणून येत नाहीत, ठपका म्हणून येतात. 'आई घरात नसते, म्हणून पोरं बिघडतात' हे वाक्य आम्ही शाळेच्या पालकसभेत ऐकले, पोलीस ठाण्यात ऐकले आणि समाजशास्त्रात एम. ए. करताना वर्गातही ऐकले. झोपडपट्टीतली बालगुन्हेगारी शिकवताना एका प्राध्यापकांनी फळ्यावर 'आईची अनुपस्थिती' असे लिहिले, त्याखाली रेघ मारली आणि पुढच्या मुद्द्याकडे वळले. ती आई किती वाजता घरातून निघाली, कोणाच्या शेतात गेली, कोणाची भांडी घासायला गेली, हा प्रश्न काही फळ्यावर आला नाही. वर्गात बसलेल्या आमच्यातल्या काही जणांच्या आया त्या क्षणी कामावरच होत्या.

म्हणून ज्या सिद्धांताच्या नावाने हा ठपका ठेवला जातो, तो आपण स्वतः वाचला पाहिजे. इंग्रजीत त्याला अटॅचमेंट म्हणतात. आपल्याकडे त्याला फार चांगला शब्द आहे, लळा. जॉन बोल्बी या इंग्रज मानसोपचारतज्ज्ञाने 1951 साली जागतिक आरोग्य संघटनेसाठी एक अहवाल लिहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर युरोपात लाखो मुले घरावाचून आणि आईबापावाचून उरली होती, त्यांचे काय होणार हा त्यामागचा प्रश्न होता. त्यातून पुढे आलेला विचार थोडक्यात असा: पोटाची भूक भागली म्हणजे बाळाचे भागले असे नाही. रडल्यावर धावून येणारे, घाबरल्यावर जवळ घेणारे, आज आहे आणि उद्याही असेल असे एखादे तरी माणूस त्याला लागते. ते असेल तर मूल रांगत लांब जाते, वळून बघते, पुन्हा पुढे जाते. जग बरे आहे आणि आपण कोणाला तरी हवे आहोत, ही खूणगाठ त्या पहिल्या दोन-तीन वर्षांत मनात बांधली जाते. मोठेपणी माणसावर विश्वास टाकणे, मदत मागणे, अपमान पचवून उभे राहणे, यांची मुळे बऱ्याच अंशी तिथे असतात.

आता गंमत पाहा. हा बोल्बी स्वतः लंडनच्या सरदारी थाटाच्या घरात वाढला. त्या वर्गातल्या रीतीप्रमाणे आई मुलांना दिवसातून जेमतेम तासभर भेटायची. बाकी सारे दाईच्या हाती. बोल्बी चार वर्षांचा असताना त्याची लाडकी दाई काम सोडून गेली आणि ते दुःख त्याला जन्मभर पुरले. पण त्या श्रीमंत आईच्या नावाने कोणी फळ्यावर 'आईची अनुपस्थिती' लिहिले नाही. उच्चवर्गीय आई घरात असून मुलाजवळ नसली तर ती संस्कृती, आणि आमची माय पोटासाठी बाहेर गेली तर ती गुन्हेगारीचे कारण! आणि त्या दाईच्या स्वतःच्या घरचे काय, हेही कोणी विचारले नाही. आज पुण्यातल्या सोसायट्यांमध्ये ज्या बाया दुसऱ्यांची बाळे दिवसभर कडेवर घेतात, अंगाई गातात, पहिला घास भरवतात, त्यातल्या कितीतरी आपल्या वस्तीतल्या आहेत. दुसऱ्याच्या लेकराची ती मनाची खूणगाठ त्यांच्या हातून बांधली जाते. त्यांचे स्वतःचे लेकरू तेव्हा शेजारणीच्या दारात बसलेले असते.

आम्ही बीड जिल्ह्यातले. ऊसतोडीला जाणाऱ्यांत वंजारी आहेत, बंजारा आहेत, बौद्ध आणि मातंगही आहेत. आमच्या घरचा एक कोयता होता. कोयता म्हणजे नवराबायकोची जोडी. हिशेबात दोन माणसे मिळून एक हत्यार मोजले जाते, यातच सगळे आले. धम्मचक्र प्रवर्तन दिन झाला की टोळ्या निघायच्या. मायने उचल घेतलेली असायची, म्हणजे पुढच्या पाच-सहा महिन्यांचा तिचा वेळ मुकादमाने आधीच विकत घेतलेला असायचा. उचल शब्दाचा खरा अर्थ हाच आहे. पैसा उचलला जातो घरी, आणि वेळ उचलला जातो लेकरांपासून.

आम्ही तिघे भावंडे, आणि तिघांच्या वाट्याला तीन वेगळी बालपणे आली. आम्ही मधले. आम्हाला आजीजवळ ठेवले. आजी तोंडाची फटकळ होती, पण शाळेतून आलो की ती ओट्यावर असायचीच. रोज. भीमजयंतीच्या आधी माय येईल का, हे आम्ही बोटांवर मोजायचो आणि ती आमच्यासोबत न कंटाळता मोजायची. धाकटा अंगावर पिणारा होता म्हणून मायबरोबर गेला, आणि त्याला सांभाळायला नऊ वर्षांच्या ताईला नेले. तिची शाळा तिथेच संपली. पहाटे काळोखात माय-दादा फडात उतरायचे. ऊस तोडायचा, पाचट काढायचे, मोळ्या बांधायच्या, डोक्यावर नेऊन गाडीत भरायच्या. धाकटा पाचटावर अंथरलेल्या धडप्यात असायचा. तो रडला तर मायला ऐकू यायचे, पण तिला जाता येत नसे. हे आम्ही मुद्दाम लिहीत आहोत. तिला कळत नव्हते असे नाही. हातातली मोळी टाकून गेले तर गाडी भरायची राहते, आणि टोळीत एकाच्या थांबण्याचा भार सगळ्यांवर येतो. संवेदनशील मातृत्व वगैरे जे पुस्तकात लिहिलेले असते, त्यासाठी आधी दोन्ही हात मोकळे असावे लागतात.

धाकट्याला लळा लागला तो ताईचा. आज तो बायकापोरांचा धनी आहे, पण अंगात ताप भरला की पहिला फोन ताईला करतो. माय हे बघते. काही बोलत नाही. आणि ताई? तिच्या कडेवर मूल होते तेव्हा तीही मूलच होती. आजही कोणी तिला 'तू बस, मी करते' म्हटले की ती बेचैन होते. आजारपण लपवते. स्वतःसाठी काही मागताना तिची जीभ अडखळते. समाजकार्यात इतकी वर्षे काढल्यावर आम्हाला हे चित्र घरोघरी दिसते. थोरल्या लेकींवर धाकटी भावंडे टाकून आपल्या कष्टकरी घरांनी बालसंगोपनाचा प्रश्न सोडवला, आणि तो खर्च कोणाच्याच हिशेबात आला नाही.

मग अशी मुले कायमची मोडलेली असतात का? इथेच सिद्धांताचा दुसरा भाग महत्त्वाचा, जो ठपका ठेवणारे कधी सांगत नाहीत. बोल्बीची सहकारी मेरी एन्सवर्थ 1954-55 मध्ये युगांडात कंपालाजवळच्या गावांमध्ये घरोघर जाऊन बसली. तिला दिसले की आईचा लळा असलेल्या मुलांना आजीचा, बापाचा, भावंडांचाही लळा असतो. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठाने 1975 च्या सुमारास 267 गरीब पहिलटकरणी निवडल्या आणि त्यांच्या मुलांचा मोठेपणापर्यंत माग ठेवला. ज्यांना पहिल्या वर्षात भक्कम आधार मिळाला ती मुले शाळेत सवंगड्यांत जास्त रमली, अडचणीत जास्त टिकली, हे खरे. पण घरातला ताण कमी झाला, आईला कोणाची साथ मिळाली, तर मूलही सावरले, हेही त्यातच दिसले. आणि लहानपणी स्वतः मार खाल्लेल्या ज्या आयांनी आपल्या मुलांवर ते दुःख उतरू दिले नाही, त्यांच्याकडे पाहिले तर कुठेतरी एक माणूस सापडले: बालपणी जीव लावणारे कोणी मोठे माणूस, नंतर समुपदेशक, किंवा धड जोडीदार. म्हणजे पहिली तीन वर्षे हा ललाटलेख नाही. पूर्वजन्मीच्या कर्माचा सिद्धांत नाकारून आम्ही बौद्ध झालो. आता तोच सिद्धांत बालपणाच्या वेषात मागच्या दाराने घरात घेण्याचे कारण नाही.

तथागतांच्या बाबतीत पाहा. महामाया गेल्या तेव्हा सिद्धार्थ सात दिवसांचा होता. त्याला वाढवले महाप्रजापती गौतमीने. भीमाबाई गेल्या तेव्हा बाबासाहेब पाच-सहा वर्षांचे होते. त्यांना सांभाळले मीराआत्याने. या मीराबाईंबद्दल आपल्या जयंतीच्या भाषणांत किती वेळा बोलले जाते? आई नव्हती तरी मुले घडली, असे म्हणून या गोष्टी सोडून देऊ नयेत. तिथे कोणीतरी होते, आणि त्या कोणाकडे तरी वेळ होता, म्हणून ती घडली.

आणि बाबासाहेबांनी या प्रश्नाकडे भावनेने नाही, कायद्याने पाहिले. 1928 च्या जुलैमध्ये मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाच्या बाजूने ते उभे राहिले. बाळंतपणाच्या आधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, त्याचा भार सरकारने उचलावा, पण स्त्रीच्या श्रमातून मालकाला नफा होतो तर त्यानेही तो अंशतः सोसावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. पुढच्या वर्षी मुंबई प्रांतात तो कायदा झाला. आईचा वेळ ही मालकाची मालमत्ता नाही, हे त्या कायद्याचे सार आहे.

आज काय आहे? 2017 च्या दुरुस्तीने 26 आठवड्यांची पगारी रजा आली, 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघर सक्तीचे झाले. कागदावर उत्तम. ऊसतोड मजूर मात्र कारखान्याच्या हजेरीपटावर नसतो. कारखाना म्हणतो हा मुकादमाचा माणूस, मुकादम म्हणतो मी नुसता मधला. ऊस कारखान्याचा, साखर कारखान्याची, आणि पाचटावरचे लेकरू मात्र कोणाचेच नाही. 1975 पासून अंगणवाडी आहे, तिचे मोल आम्ही जाणतो, तिथल्या सेविका आपल्याच बाया आहेत. पण अंगणवाडीत बसायला मिळते ते साधारण तीन वर्षांच्या पुढच्या मुलाला. त्याखालच्या बाळासाठी घरी न्यायचा आहार, लसीकरण आणि वजनकाटा. म्हणजे ज्या वयात माणूस लागते, त्या वयात सरकार पाकीट देते.

चळवळीतल्या तरुणांना हा विषय बायकांचा, घरातला, मऊ वाटतो हे आम्हाला ठाऊक आहे. अभ्यासवर्गात आरक्षणावर तीन तास बोलणारे पाळणाघर म्हटले की चहाला उठतात. (रिपब्लिकन पक्षाच्या गटांचा हिशेब पाळण्यापासून लावायचा आमचा इरादा नाही, निश्चिंत बसा.) पण 17 जानेवारी 2016 ला रोहित वेमुला गेला, त्याच्या अखेरच्या पत्रात बालपणीच्या एकटेपणाचा उल्लेख होता, हे आपण सगळ्यांनी वाचले आहे. त्या उल्लेखाचा आधार घेऊन विद्यापीठाला मोकळे सोडणाऱ्यांशी आमचे भांडण कायम आहे. वसतिगृहातून काढणे, शिष्यवृत्ती अडकणे, बहिष्कार, हे बालपणाने केले नाही. तरीही तो एकटेपणा नाकारून आपण त्याचा सन्मान करत नाही. वसतिगृहांत शिकणारी आपली पोरे रात्री कोणाला फोन करतात, हे विचारणारा एक तरी कार्यकर्ता प्रत्येक शहरात हवा. मिनेसोटात सापडलेले ते एक माणूस विसाव्या वर्षीही उपयोगी पडते.

गेल्या हंगामात पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तळावर आम्ही काही दिवस होतो. तिथे आठ कोयत्यांतल्या बायांनी स्वतःच एक वाट काढली होती. टोळीतल्या एका वयस्क मावशीला फडात न नेता कोपीवर ठेवायचे, सहा लहानग्यांना तिने सांभाळायचे, आणि प्रत्येक कोयत्याने आपल्या पैशातून तिला वाटा द्यायचा. दोन मुली त्यामुळे त्या हंगामात गावी राहून शाळेत गेल्या. दुपारी एखादे मूल मावशीच्या पदराला धरून झोपलेले असायचे. मुकादम हसला, 'पोरं सांभाळायचा बी पगार व्हय?' एक बाई मोळी बांधता बांधता म्हणाली, 'तुमच्या बैलाला राखण्या लागतोच की!'

तो वाटा त्या बायांच्या मजुरीतून जाता कामा नये, तो कारखान्याच्या खात्यातून आला पाहिजे. पुढच्या हंगामाची उचल पावसाळ्यातच वाटली जाते. दर आठ-दहा कोयत्यांमागे एका सांभाळणाऱ्या बाईचा पूर्ण रोज, तळावर सावली, पाणी आणि फडातून माघारी येऊन अंगावर पाजायला दोन वेळची सुट्टी, एवढे करारात लिहून घेतल्याशिवाय उचलीच्या कागदावर अंगठा उठवायचा नाही, यासाठी आपल्या भागातल्या टोळ्यांशी आतापासून बोलायला सुरुवात करूया. जुलै लागला की मुकादम गावात येतो. आपण त्याच्या आधी पोहोचायला हवे.