कोश कुणाचा?

पुण्यातले काही नोकरदार, थोडे विद्यार्थी आणि मडगावच्या एक शिक्षिका, एवढाच आमचा गट. मराठी-कोकणीसाठी मुक्त स्रोत साधनं लिहायची, हा शनिवारचा उद्योग. कोडवरून आमचं कधी फारसं वाजलं नाही. वाजलं ते दोघांनी आपापल्या कामाला ‘मराठी-कोश’ हे एकच नाव दिलं तेव्हा. एकाचा अर्थ देणारा शब्दकोश, दुसऱ्याची शुद्धलेखन तपासायची नुसती यादी.

मग नावांसाठी नियम करायचं ठरलं. ‘एवढ्याशा गटाला नियम कशाला?’ असंही काहींनी विचारलं. मी त्यांना डेबियनमधली ‘नोड’ची भानगड सांगितली. डेबियन हे स्वयंसेवकांनी 1993 पासून चालवलेलं लिनक्स वितरण. तिथे ‘नोड’ ही आज्ञा हॅम रेडिओवाल्यांच्या एका जुन्या प्रोग्रॅमची होती. मग जावास्क्रिप्ट चालवणारं नोडजेएस आलं आणि त्यालाही तेच नाव हवं होतं. डेबियनचा नियम असा, की वेगळं काम करणारे दोन प्रोग्रॅम एका नावाने बसवायचे नाहीत; एकमत झालं नाही तर दोघांनीही नाव बदलायचं. वाद 2012 मध्ये डेबियनच्या तांत्रिक समितीपर्यंत गेला. नोडजेएसची डेबियनमधली आज्ञा ‘नोडजेएस’ झाली आणि ‘नोड’ गृहीत धरून लिहिलेल्या स्क्रिप्ट अडू लागल्या. त्यांच्यासाठी वेगळं पॅकेज ठेवावं लागलं. (आज सर्वांना ठाऊक असलेलं गिटही डेबियनमध्ये बराच काळ ‘गिट-कोअर’ होतं, कारण ‘गिट’ नाव दुसऱ्याच साधनाकडे होतं.)

नियम कठोर, पण मला तो पटतो. आम्हीही ‘मराठी-कोश’ कुणालाच दिलं नाही.

नोंदणीची पद्धतही डेबियनचीच उचलली. तिथे नवं पॅकेज बांधण्याआधी ‘मी हे करणार आहे’ अशी जाहीर नोंद करतात: नाव, काम, परवाना. आम्ही सामायिक रेपॉझिटरीत एक साधी फाइल ठेवली. नोंद करायची, आठ दिवस हरकतीची वाट पाहायची, मग नाव पक्कं.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो नावाच्या रूपावर. देवनागरी नावाचा आग्रह होता, पण डेबियनच्या पॅकेज-नावात लहान रोमन अक्षरं, अंक, अधिक, उणे आणि टिंब एवढंच चालतं. मग ‘कोश’ रोमनमध्ये लिहिताना शेवटी ‘ए’ लावायचा की नाही, यावर खडाजंगी. लावायचा नाही, असं ठरलं. नावात आधी काम, मग भाषेचा आंतरराष्ट्रीय संकेत. मराठीचा ‘एमआर’ दोन अक्षरी. कोकणी दोन अक्षरी संकेतांच्या यादीत नाहीच. तिचा ‘केओके’ तीन अक्षरी. शिक्षिकाबाईंनी विचारलं, ‘गोव्याच्या कोकणीला वेगळा ‘जीओएम’ आहे, तो का नको?’ मुद्दा रास्त होता. पण विंडोज आणि लिबरऑफिस ‘केओके’ वापरतात, म्हणून तोच घेतला. बाईंना तो निर्णय अजून मान्य नाही.

सोडून दिलेल्या नावांचा प्रश्न मात्र आमच्याने सुटलेला नाही. लेखक नोकरीत गुंततो, साधन बंद पडतं, चांगलं नाव अडकून राहतं. डेबियनमध्ये सांभाळता येत नसलेलं पॅकेज जाहीरपणे ‘अनाथ’ म्हणून नोंदवतात, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. तुमचं एखादं जुनं मराठी साधन असंच पडून असेल, तर त्याच्या वर्णनात ‘सांभाळणारा हवा आहे’ एवढं तरी लिहा.