जाळीआडचं कानाझावा

जपानातल्या जुन्या गल्ल्यांचे फोटो काढायचे म्हटलं की सगळे क्योटो गाठतात. क्योटोला नावं ठेवायचं कारण नाही. पण तिथल्या नामांकित चढावांवर आता घरांपेक्षा सेल्फी काढणारेच जास्त दिसतात आणि गिओनमधल्या खासगी बोळांत तर फोटोला बंदीच आहे. माझा जीव जडला तो कानाझावावर. जपानच्या समुद्राच्या बाजूचं हे गाव ढगाळ आणि जरासं आपल्याच तंद्रीत असणारं. माएदा घराण्याची ही राजधानी. देशाची सत्ता हाती असलेल्या शोगुनांच्या खालोखाल श्रीमंत असलेल्या या सरदारांनी पैसा तलवारींपेक्षा लाखेची भांडी, रेशीम आणि सोन्याच्या वर्खावर खर्च केला. शोगुनांना संशय येऊ नये म्हणून, असं म्हणतात. जपानातला जवळजवळ सगळा वर्ख आजही इथेच ठोकला जातो. हल्ली तो आइस्क्रीमवरही चिकटवतात. ते खाण्यापेक्षा त्याचे फोटोच जास्त निघतात, हे सांगायला नकोच.

असानो नदीच्या पलीकडे हिगाशी चाया ही पेठ आहे. शहरभर विखुरलेल्या चहाघरांपैकी काही १८२० साली राज्यकर्त्यांनी उचलून इथे आणली. नाव चहाघराचं, पण मामला गाण्याबजावण्याचा. शामिसेनचे सूर, नाच, साकेचे पेले, आणि ओळखीशिवाय दाराच्या आत पाऊल नाही. सामान्य माणसाला दोन मजली घर बांधायची मुभा नव्हती त्या काळात चहाघरांना ती मिळाली. मैफल वरच्या मजल्यावर बसायची, म्हणून तोच मजला जास्त उंच आणि ऐसपैस.

खालच्या मजल्याला मात्र रस्त्याच्या बाजूने लाकडी जाळी असते. या जाळीपाशी मी नेहमी रेंगाळतो. हाताच्या बोटाहूनही बारीक, तांबूस रंगाच्या उभ्या पट्ट्या, इतक्या दाट की लांबून अख्खी भिंत गेरूने सारवल्यासारखी वाटते. जवळ जाऊन बघावं तर प्रत्येक पट्टी बाहेरून रुंद आणि आत निमुळती होत गेलेली. सुताराची करामत आहे ती. आत बसलेल्याला रस्त्यावरचं सगळं स्वच्छ दिसतं. रस्त्यावरच्या माणसाला आतलं काही दिसत नाही. समोर तिवई लावून मी फ्रेम जुळवत असतो, फोकस आधी या पट्टीवर, मग त्या पट्टीवर, आणि तेवढ्यात आत कोणीतरी हलकेच खोकतं. म्हणजे इतका वेळ बघणारा मी नव्हतोच! फोटोग्राफरला एवढी जरब बसवणारी दुसरी वास्तुरचना मला माहीत नाही. जाळीला भिंग चिकटवून आतलं टिपू पाहणारे लोक दिसतात. त्यांना फोटोत काळोखाशिवाय काही मिळत नाही, आणि मला ते न्यायाचं वाटतं.

या गल्लीला ऊन मानवत नाही. उन्हात लाकूड भकास दिसतं आणि सावल्या फ्रेमचे दोन तुकडे करतात. आपल्याकडे फोटो काढणारे पाऊस थांबायची वाट बघतात, इथे पडायची. वाटही फार बघावी लागत नाही. डबा विसरलास तरी चालेल, छत्री विसरू नकोस, असं इथले लोक पोरांना बजावतात. हिवाळ्यात तर गडगडाटासह पाऊस आणि बर्फ आलटून पालटून येतात. मग फरशीचे दगड काळेभोर होतात, झिलई दिलेली काळी कौलं चमकायला लागतात आणि जाळीचा तांबडा रंग कुठलाही फिल्टर न लावता गडद होतो.

संध्याकाळी नदीकाठच्या काझुएमाची या चहाघरांच्याच दुसऱ्या पेठेत जावं. वरच्या देवळामागून दगडी पायऱ्यांचा एक बोळ खाली उतरतो, कुरागारीझाका. चहाघरांकडे चोरपावलांनी जाणारी मंडळी याच वाटेने यायची. इथे मोबाइल घोळ घालतो. त्याला अंधाराचं वावडं. कोपऱ्यातलं काळं दिसलं की तो ते उजळून टाकतो आणि बोळाची पार रया घालवतो. एक्स्पोजर एक-दोन स्टॉप खाली घ्यावं. दिव्याभोवती जेवढं दिसतं तेवढंच यावं, बाकीचं बुडू द्यावं. ज्या गल्लीची उभारणीच लपण्यासाठी झाली, तिचा लख्ख फोटो हा वाईट फोटो.

हे सगळं उरलं कसं? थोडं नशिबाने. ऑगस्ट १९४५ मध्ये साठेक किलोमीटरवरचं तोयामा एका रात्रीत बेचिराख झालं. कानाझावावर बॉम्ब पडले नाहीत. पण युद्धातून वाचलेली गावं पुढे बिल्डरांच्या हातून वाचतातच असं नाही. इथल्या महापालिकेने १९६८ मध्येच जुना परिसर जपण्याचा नियम केला. असा नियम करणारं जपानातलं हे पहिलं शहर. पुढे हिगाशीच्या मुख्य रस्त्यावरच्या विजेच्या ताराही जमिनीखाली गेल्या. हा तर सजवलेला देखावा, असं कोणी म्हणेल. म्हणू दे. याच शहरातल्या नागामाची या भागात सामुरायांच्या वाड्यांच्या मातीच्या भिंती आहेत. मातीत मुरलेलं पाणी गोठलं की भिंत तडकते, म्हणून डिसेंबरात माणसं येऊन त्या भिंतींवर तणसाच्या चटया बांधतात आणि मार्चमध्ये सोडतात. दरवर्षी. निव्वळ देखाव्यासाठी एवढी मेहनत कोण घेतं?

जायचं तर या चटया बांधलेल्या असतानाच जा. मुक्काम स्टेशनजवळ नको, नदीकाठी करा आणि दुकानं उघडायच्या आत हिगाशीत पोहोचा. छत्री मात्र काळी न्या. पारदर्शक प्लास्टिकची छत्री तिथे कुठल्याही दुकानात मिळते, त्यामुळे ती प्रत्येकाच्या फोटोत असते.