टांगणीला लागलेला खेळाडू



२००२ सालच्या एप्रिल महिन्यात इंग्लंडचा फुटबॉल कर्णधार डेव्हिड बेकहॅम याच्या डाव्या पावलातील हाड मोडले. विश्वचषकातील इंग्लंडचा पहिला सामना २ जूनला जपानमध्ये होता. त्या काळी संशोधन करीत असताना मी एका दैनिकाच्या क्रीडापानासाठी इंग्रजी बातम्यांचे भाषांतर करीत असे. बेकहॅमच्या खेळण्याविषयी बातमीत ‘टच अँड गो’ असे शब्द होते. शब्दकोशात दोन्ही शब्द मिळाले. मी लिहिले, ‘दुखापत त्याला केवळ स्पर्श करून गेली आहे.’

ज्येष्ठ उपसंपादकांनी कागद परत करीत एवढेच विचारले, “म्हणजे, हा खेळणार की नाही?”

मला उत्तर देता आले नाही. होकार आणि नकार यांची पारडी समान आहेत, असे बातमी सांगत होती. माझ्या वाक्याने वाचकाला खोटा दिलासा मिळाला असता. भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाला ही चूक फार लागली.

पुढे ध्यानात आले, की दुखापतीच्या वार्तांमधील वाक्प्रचार शरीरापेक्षा निश्चितीविषयी अधिक बोलतात. ‘नॉक’ म्हणजे दारावरची थाप नव्हे, तर मुका मार. त्यातून खेळाडू बहुधा लवकर सावरतो. ‘लेट फिटनेस टेस्ट’ म्हणजे लांबलेली परीक्षा नव्हे. निर्णय सामन्याच्या तोंडावर होणार, एवढाच तिचा अर्थ. ‘रूल्ड आउट’ वाचताच क्रिकेटवर वाढलेल्या आपल्याला पंचांचे वर गेलेले बोट आठवते. येथे मात्र त्या सामन्यात खेळण्याची शक्यताच संपलेली असते. प्रतिस्पर्ध्याला सारे कळू द्यायचे नसते, तेव्हा प्रशिक्षकालाही अशी संदिग्ध भाषा सोयीची ठरते.

‘टच अँड गो’साठी मला आज सुचते ते असे : ‘बेकहॅमचे खेळणे टांगणीला लागले आहे.’ हे वाक्य एखाद्या इंग्रज विद्यार्थ्याने शब्दशः वाचले, तर खेळाडूला कोठे टांगले, असे तोही विचारील!

बेकहॅम २ जूनला स्वीडनविरुद्ध मैदानात उतरला. माझे ते वाक्य मात्र छापले गेले नाही, याचे मला आजही समाधान वाटते. नोकरी आणि संसार सांभाळून रात्री पुस्तक उघडणाऱ्या आपणांस असा वाक्प्रचार अडला, तर स्वतःच्या इंग्रजीला दोष देऊ नका. शब्दकोश मिटून उपसंपादकांचा तो प्रश्न स्वतःला विचारा. त्याचे उत्तर संपूर्ण बातमीत शोधा. मग मराठी शब्द आपल्याच घरात सापडेल.