लक्ष्मी रोडवरून चालताना

बेळगाव हे पायी फिरण्यासारखं गाव आहे, असं आपण प्रत्येक पाहुण्याला सांगतो. हवा थंड, झाडं भरपूर, अंतरं आटोपशीर. टिळकवाडीतून निघालं तर गप्पा मारत मारत खडेबाजार गाठता येतो आणि येताना शहापुरातून भाजी घेता येते. पाहुणा मान डोलावतो, आणि मग आपण त्याला गाडीत बसवून गाव दाखवायला नेतो!

सायकलशी तर या गावाचं नातं सव्वाशे वर्षांहून जुनं. गुर्लहोसूरला जन्मलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १८८८ मध्ये भावाच्या साथीने बेळगावात सायकलींचं दुकान काढलं. पुढचे लोखंडी नांगर, पंप, कुंडलच्या माळावरची किर्लोस्करवाडी हे सगळं नंतरचं. सुरुवात झाली ती आपल्या गावातल्या सायकलींपासून. किर्लोस्कर रोड हे नाव आजही त्याची आठवण देतं. पण संध्याकाळी सहा वाजता त्याच रस्त्यावरून एखाद्या शाळकरी मुलाला सायकल घेऊन जायला सांगा, त्याची आई पाठवणार नाही.

आमच्या सासूबाई दर सोमवारी कपिलेश्वराला चालत जायच्या. वय पंच्याहत्तरीच्या पुढे, गुडघे कुरकुरणारे, तरी नेम चुकला नाही. वाटेत चार ठिकाणी थांबायचं, दोन ठिकाणी मराठीत आणि दोन ठिकाणी कानडीत विचारपूस करायची, हा देवदर्शनाइतकाच महत्त्वाचा भाग. फुलवाली "यल्लिगे होंटीरी?" म्हणून विचारायची. हिला कुठं निघाल्या ते ठाऊक असायचं, तरी विचारायची. मग हळूहळू हे जाणं कमी झालं. गुडघ्यांमुळे नव्हे. रस्ता ओलांडताना दहा-दहा मिनिटं उभं राहावं लागतं, कुणी थांबत नाही, आणि फुटपाथवर चढावं तर त्यावर गाड्या लावलेल्या. "मला नेऊन सोडा," असं म्हणायची त्यांच्यावर वेळ आली. ज्या बाईने आयुष्यात कुणाला नेऊन सोडा म्हटलं नाही, तिला ते शब्द जड गेले, हे मला दिसत होतं.

अशात २०२२ च्या डिसेंबरात आम्ही पुण्याला गेलो. वन्संच्या मुलीचं लग्न ठरलं होतं, बस्ता बांधायचा होता. खरं तर साड्या शहापुरातच घ्याव्यात असा सासूबाईंचा आग्रह, पण मुलाकडची मंडळी पुण्याची. रविवार होता, ११ डिसेंबर. वन्सं म्हणाल्या, "आज लक्ष्मी रोडला गाडी न्यायची सोय नाही हं. आज पादचारी दिन आहे."

पुणे महानगरपालिकेने २०२१ पासून ११ डिसेंबर हा दिवस पादचारी दिन म्हणून पाळायला सुरुवात केली. लक्ष्मी रोडचा नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक हा भर बाजारातला तुकडा त्या दिवशी वाहनांना बंद ठेवायचा आणि माणसांना मोकळा सोडायचा, अशी कल्पना. पालिकेसोबत पायी चालणाऱ्यांसाठी आणि सायकलींसाठी वर्षानुवर्षं भांडणाऱ्या पुण्यातल्या संस्थाही त्यात असतात. ज्यांनी लक्ष्मी रोड पाहिला आहे त्यांना सांगायला नको. विसर्जनाच्या मिरवणुकीचा हा रस्ता, एरवी रिक्षा, बस आणि दुचाकी यांच्या मधल्या फटीतून आपण साडीच्या दुकानात शिरतो.

त्या दिवशी पहिली गोष्ट जाणवली ती आवाजाची. पावलांचा आवाज येत होता. हजार माणसांच्या चपलांचा, बोलण्याचा, कुठे ढोलकीचा. डांबरावर मुलं खडूने चित्रं काढत होती, रस्त्याच्या मधोमध खुर्च्या टाकून आजोबा मंडळी बसली होती. चाकाच्या खुर्चीत बसलेल्या एका तरुण मुलीला तिचे वडील दुकानांच्या काचा दाखवत नेत होते. इतर दिवशी ती खुर्ची तिथे कशी आणली असती, हा प्रश्न मला आजही पडतो.

सासूबाई आमच्या पुढे. कुणाचा हात धरलेला नाही. मध्येच थांबून वरच्या मजल्यावरचे जुने लाकडी कठडे बघायच्या, मध्येच एखाद्या अनोळखी बाईला विचारायच्या, "ही इरकल कुठं घेतली?" सगळा तुकडा चालून झाल्यावर म्हणाल्या, "अगं, हा रस्ता एवढा रुंद आहे हे मला माहीतच नव्हतं." पन्नास वर्षं त्या तिथे खरेदीला जात होत्या.

व्यापाऱ्यांचं म्हणणंही ऐकलं. साडीच्या दुकानातले काका गादीवर बसून साड्या उलगडता उलगडता म्हणाले, "गाडी बंद तर गिऱ्हाईक बंद." आमच्यासमोर त्यांच्या दुकानात बसायला जागा नव्हती. मी ते बोलून दाखवलं, तर हसले आणि म्हणाले, "आज बघायला येतात, घ्यायला नाही." आम्ही मात्र अकरा साड्या घेतल्या. त्यांची भीती अगदीच खोटी म्हणता येणार नाही. ओझं घेऊन रिक्षापर्यंत जायचं असतं, म्हाताऱ्या माणसाला दारापर्यंत पोचायचं असतं. त्याची सोय केल्याशिवाय रस्ता बंद करणं म्हणजे अर्धं काम.

आणि दुसऱ्या दिवशी? सोमवारी ब्लाऊजच्या कापडासाठी परत गेलो, तर सगळं जैसे थे. म्हणून असल्या एक दिवसाच्या उत्सवांबद्दल मला थोडी शंकाच वाटते. बेंगळुरूतही २०१३ च्या ऑक्टोबरात सरकारच्या नगर भू-सारिगे विभागाने नागरिकांच्या गटांना बरोबर घेऊन 'सायकल दिन' सुरू केला, पुढे वेगवेगळ्या वसाहतींतल्या रहिवाशांनी आपापल्या भागात तो केला. रविवारी सकाळी दोन-चार तास मुलं मनसोक्त सायकल चालवतात. छानच आहे, पण सोमवारी त्यांना शाळेत सोडायला मोटार निघतेच. म्हैसूरला २०१७ च्या जूनमध्ये 'ट्रिण ट्रिण' नावाने ४५० भाड्याच्या सायकली आणल्या गेल्या, ठरलेल्या ठाण्यावरून घ्यायची आणि कुठल्याही ठाण्यावर लावायची. पुण्यात त्याच सुमारास खासगी कंपन्यांच्या रंगीबेरंगी सायकली आल्या. त्यांना ठाणीच नव्हती. त्या फुटपाथवर आडव्या पडू लागल्या आणि काही काळात दिसेनाशा झाल्या. सायकल आणणं सोपं, ती चालवायला आणि ठेवायला जागा देणं अवघड!

जागा दिली की काय होतं, ते पुण्यातच जंगली महाराज रस्त्यावर पाहिलं. तिथला फुटपाथ रुंद केला आहे, बसायला बाकं, मुलांना खेळायला जागा, झाडं तशीच राखलेली. तिथे कुठला दिन नव्हता, तरी माणसं चालत होती. माझ्या मते लक्ष्मी रोडच्या एका दिवसापेक्षा हा रोजचा फुटपाथ मोलाचा. अर्थात तो एक दिवस पाहिला नसता तर फुटपाथ मागावा हे किती जणांच्या डोक्यात आलं असतं, कोण जाणे.

बेळगावला परत आल्यावर शेजारच्या अक्का आणि मी शिंप्याची टेप घेऊन निघालो. घरापासून मुलांच्या शाळेपर्यंत जायचं आणि फुटपाथ मोजायचा. इंडियन रोड्स काँग्रेसचा नियम असा की चालायला मोकळी जागा किमान १.८ मीटर, म्हणजे दोन चाकाच्या खुर्च्या एकमेकींशेजारून जाव्यात. आणि फुटपाथची उंची १५० मिलिमीटरहून जास्त नको. आमची टेप कधी सव्वा मीटर दाखवायची, कधी एक, आणि ट्रान्सफॉर्मरपाशी तर मोजायला फुटपाथच नव्हता. उंची काही ठिकाणी माझ्या गुडघ्याला लागत होती. अशा पायरीवर सासूबाई कशा चढणार? अक्कांनी वहीत कानडीत लिहून घेतलं, मी मराठीत. अर्ज कानडीतच द्यायचा असल्याने त्यांची वही कामाला आली.

हे रिकामटेकडेपणाचं काम वाटत असेल तर एक आकडा सांगते. २०२२ या एका वर्षात देशात रस्त्यांवरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती. म्हणजे रोज जवळजवळ नव्वद. पुढे १४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की चालण्यायोग्य फुटपाथ मिळणं हा घटनेच्या २१व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि राज्यांनी त्यासाठी नियम करावेत. ते कात्रण अक्कांनी अर्जाला जोडलं. अर्जाची पोच मिळाली आहे, उत्तराची वाट बघतो आहोत.

तोवर हातावर हात ठेवून बसायचं नाही म्हणून शनिवारच्या सकाळच्या शाळेला आमच्या गल्लीतली मुलं चालत न्यायला सुरुवात केली. परदेशात याला चालती बस म्हणतात असं माझ्या लेकीने सांगितलं. ठरलेल्या वेळी ठरलेल्या दारातून निघायचं, वाटेत एकेक मूल सामील होतं, पुढे एक मोठं माणूस, मागे एक. चार मुलांपासून सुरू झालं, आता अकरा आहेत. आपल्या दोन्ही भाषांत गंमत बघा, निघायचं असलं की आपण 'चल' म्हणतो, अक्का 'नडी' म्हणतात. म्हणजे निघणं आणि चालणं एकच! मुलं आता दोन्ही ओरडतात. एका मुलाचे वडील आधी मोटारीने मागून यायचे, हळूहळू, खिडकीतून बघत. तीन शनिवार आले. चौथ्या शनिवारी उतरून चालू लागले, आणि आता पुढे तेच असतात.

मागे कोण, हा प्रश्न होता. सासूबाई म्हणाल्या, "मी असते की." त्यांच्या वेगाने सगळ्यांना चालावं लागतं, त्यामुळे आम्ही दहा मिनिटं आधी निघतो. मोठ्या चौकात त्या छत्री उघडून आडवी धरतात आणि अकराही मुलं पार होईपर्यंत खाली घेत नाहीत. गाड्या थांबतात. मागच्या शनिवारी मुलांना शाळेत सोडल्यावर त्या घरी आल्याच नाहीत. तासाभराने आल्या, हातात फुलांचा पुडा होता. फुलवालीने बोलत बसवलं म्हणाल्या.