बंदुकीचे वजन

ग्वाल्हेरच्या आमच्या जुन्या घरात आजोबांची ३७५ मॅग्नम रायफल होती. लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड कंपनीने १९१२ मध्ये आणलेल्या या काडतुसाची गोळी ३०० ग्रेनची, म्हणजे सुमारे साडेएकोणीस ग्रॅमची. मोठ्या जनावरांसाठीच घडवलेली. रायफल भरली ४ किलो. पन्नाशी ओलांडल्यावर आमच्या वडिलांना, अण्णांना, ती घेऊन डोंगर चढणे जड जाऊ लागले. त्यांनी दस्ता आतून पोकळ करवून घेतला, मागची जाड रबरी गादीही काढवली. वजन ३.६ किलोंवर आले.

खांद्यावर वाहताना हलकी बंदूक सुखाची. चाप ओढताच ती वैरीण होते. गोळी ज्या जोराने पुढे जाते, त्याच जोराने बंदूक मागे येते. वजन घटले की तिचा वेग वाढतो. नुसत्या वजनाच्या हिशेबाने धक्क्याची ऊर्जा ११ टक्के वाढली होती, आणि गादी नसल्याने सारा दणका हाडावर बसे. अण्णा काही बोलले नाहीत.

१९६९ च्या हिवाळ्यात शिवपुरीच्या रानात त्यांच्या हातून एक सांबर जखमी होऊन निसटले. रात्रभर माग काढूनही सापडले नाही. अण्णा दोन दिवस जेवले नाहीत.

त्यांचे एक स्नेही सैन्यातून निवृत्त झालेले होते. त्या काकांनी अण्णांना गावाबाहेरच्या टेकाडापाशी नेले. काडतूस ते स्वतः भरून देत. कधी खरे, कधी रिकामे, न सांगता. रिकाम्यावर चाप ओढला गेला. आवाज नाही, धक्का नाही. तरी नळी खाली झुकली, आणि अण्णांचे डोळे मिटलेले! ११ वर्षांचे आम्ही शेजारीच उभे होतो.

"अण्णासाहेब, नेम धक्क्यानं चुकत नाही, त्याच्या भीतीनं चुकतो," काका म्हणाले. अण्णांनी आमच्याकडे पाहिले आणि मान खाली घातली.

मग पोकळीत शिसे भरले, नवी गादी बसवली. दस्ता खांद्याच्या खोबणीत घट्ट धरायचा. झोपून नव्हे, उभ्याने बार काढायचा, म्हणजे धक्क्याबरोबर शरीर मागे झुकू शकते. आवाजानेही माणूस दचकतो, म्हणून कान झाकायचे. दिवसाला तीनच गोळ्या, बाकी सराव रिकाम्या बंदुकीवर. महिन्याभरात नळी स्थिर झाली.

१९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि शिकार संपली. त्याची खंत अण्णांनी कधी केली नाही. त्या सांबराची मात्र अखेरपर्यंत केली.

पुढे सरकारी नोकरीत एखाद्या कठीण आदेशावर सही करताना आमचा हात थबके, तेव्हा ती झुकलेली नळी डोळ्यांपुढे येई. मग आम्ही डोळे उघडे ठेवून कागद पुन्हा एकदा वाचत असू.