गाडी उंच करण्याआधी



एरवी मी तुमच्याशी बियाणे, खते आणि कीड यांविषयी बोलतो. आज माझ्या जुन्या मोटारीची गोष्ट सांगणार आहे. तीत माझी फजिती आहे, पण ती लपवली तर तुमच्या उपयोगाचे काहीच उरणार नाही.

माझी मारुती ८०० ही २००६ सालची. पंधरा वर्षे झाली तेव्हा २०२१ मध्ये तिची नोंदणी पुन्हा वाढवून घेतली. नवी गाडी घ्यावी तर मुलीचे शिक्षण चालू होते, आणि या गाडीचे इंजिन कधी कुरकुरले नव्हते. माझे गाव नेवासा तालुक्यातले. काळी जमीन, उसाचा मुलूख. डांबरी रस्ता सोडला की वस्तीपर्यंत दीड किलोमीटर पाणंद. हंगामात उसाच्या ट्रॉल्या जाऊन जाऊन दोन्ही बाजूंना खोल चाकोऱ्या पडतात आणि मधे वरंबा उभा राहतो. त्या वरंब्यातच एक धोंडा रुतलेला होता. २०२२ च्या पावसाळ्यात त्या धोंड्याने माझ्या गाडीचे ऑइलचे चेंबर फोडले. ट्रॅक्टरला दोर बांधून गाडी घरी आणली.

तेव्हा मनाने घेतले की गाडी उंच करायची. तालुक्याच्या गावी जुन्या मालाच्या बाजारात नट जुळतील असे तेरा इंची रिम मिळाले, त्यांवर १५५/८० चे वापरलेले टायरही मिळाले. स्वस्तात काम झाले म्हणून मी खूश. गाडी खरोखरच ऐटीत उभी राहिली. एकटा बसून पाणंदीतून गेलो, खाली काही लागले नाही. रिकाम्या गाडीची परीक्षा घेऊन मी निर्धास्त झालो, ही माझी पहिली चूक.

महिन्याभरात आईच्या मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. डोळ्याला हिसका बसू देऊ नका, असे डॉक्टरांनी बजावले होते. गाडीत आम्ही पाच जण, शिवाय सामान. कालव्याच्या भरावावर वळण येते. तिथे स्टेअरिंग पूर्ण फिरवले आणि पुढचे डावे चाक मडगार्डच्या कडेला घासले. ते आधीपासूनच थोडे थोडे घासत असणार, बाजूचे रबर कापत आले असणार. मी वाकून कधी पाहिलेच नव्हते. मोठा आवाज झाला, टायर फुटला आणि गाडी कालव्याकडे ओढली गेली. वेग कमी होता म्हणून कडेच्या बाभळीला अडली. कोणाला खरचटलेही नाही. आईने डोळ्यावर हात धरून ठेवला होता. ती मला एक शब्द बोलली नाही. सौ.ही बोलली नाही. त्या रात्री मला झोप आली नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडे गेलो. त्याने आधी टायरकडे पाहिलेच नाही. फूटपट्टी घेऊन प्रत्येक चाकाच्या मध्यापासून वर मडगार्डच्या कडेपर्यंत अंतर मोजले. मागची बाजू पुढच्यापेक्षा चांगलीच खाली बसलेली निघाली. इतकी वर्षे डिकीत बियाण्याच्या पिशव्या आणि खताची पोती वाहिली, तिथे स्प्रिंगा दबल्या होत्या. तो म्हणाला, "साहेब, बैलाचे गुडघे गेलेत आणि तुम्ही पत्र्या मारताय."

वाचकहो, माती तपासल्याशिवाय खत टाकू नका, असे मी तुम्हाला वर्षानुवर्षे सांगत आलो. स्वतःच्या गाडीला मात्र न तपासताच खत टाकले होते!

आता हिशेब नीट समजून घ्या. टायरवर १४५/७० आर १२ असे लिहिलेले असते. १४५ म्हणजे टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ७० म्हणजे त्या रुंदीच्या शेकडा सत्तर इतकी टायरच्या भिंतीची उंची. १२ म्हणजे रिम बारा इंची. माझ्या गाडीचे मूळ माप हेच. या चाकाची एकूण उंची सुमारे ५०८ मिलिमीटर भरते. मी घातलेले चाक ५७८ चे होते, म्हणजे सात सेंटिमीटर मोठे. पण गाडी किती वर उठली? साडेतीनच. बैलगाडीचे चाक तुम्ही जाणता. चाक चार बोटे मोठे केले तर आस दोनच बोटे वर येतो, कारण उरलेली दोन बोटे आसाच्या वर जातात. मोटारीत ती वरची वाढ मडगार्डाच्या पोटात घुसते. भार पडला आणि चाक वळले की तिथेच घासते.

चाक मोठे झाले की आणखीही गोष्टी बदलतात. एका फेऱ्यात गाडी जास्त अंतर तोडते, पण काटा जुनाच हिशेब धरतो. माझा काटा ५० दाखवी तेव्हा गाडी ५७ ने पळत असे. चढावर पहिला गियर जड जातो, आणि ब्रेकलाही जास्त जोर लागतो.

मिस्त्रीने स्प्रिंगा आणि शॉकअप नवे घातले. गाडीची हरवलेली उंची बहुतेक त्यानेच परत आली. मग मूळ रिमवर १४५/८० आर १२ चे नवे टायर बसवले. त्यांची उंची ५३७, म्हणजे गाडी आणखी दीड सेंटिमीटर वर. काटा ६० दाखवतो तेव्हा वेग ६३ असतो, हे मी आता ध्यानात ठेवतो. पाच माणसे बसवून, स्टेअरिंग दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवून, कुठे घासत नाही याची खात्री केली. मगच पैसे दिले.

तुम्हाला असे काही करायचे असेल तर एवढे पाळा. आधी गाडी सपाट जागी उभी करून मोजा. रिकामी मोजा आणि भरलेली मोजा. स्प्रिंगा बसल्या असतील तर आधी त्या बदला. टायर मूळ मापाच्या जवळचाच घ्या, आणि त्याची भार पेलण्याची क्षमता मूळ टायरपेक्षा कमी नको. जुना टायर घेताना त्यावरचे चार आकडी साल पाहा: २३१९ असेल तर तो २०१९ च्या तेविसाव्या आठवड्यातला. उंचीसाठी हवा जास्त भरू नका. त्याने टायर मधोमध झिजतो आणि ओल्या रस्त्यावर पकड जाते. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीत मनमानी बदल चालत नाहीत, म्हणून आरटीओत आणि विमा कंपनीत आधी विचारून घ्या. आणि चाकोरीच्या रस्त्यावर दोन्ही चाके चाकोरीत घालू नका. एक बाजू वरंब्यावर ठेवून सावकाश जा.

गाडी घरी आणली तेव्हा आई ओट्यावर बसली होती. डोळ्यावरची पट्टी निघाली होती. तिने गाडीकडे नीट पाहिले आणि विचारले, "चाकं बदलली, स्प्रिंगा बदलल्या. आन् तो धोंडा?"

मला उत्तर देता आले नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारच्या दोघांना बरोबर घेतले, पहार आणि टिकाव घेऊन पाणंदीत गेलो. अर्ध्या तासात धोंडा बाहेर निघाला. खड्ड्यात चार घमेली मुरूम टाकून धुमसाने ठोकला. तेवढ्यात दुधाच्या किटल्या लावलेला एक मोटारसायकलवाला थांबला. तो म्हणाला, "बरं झालं काढला. माझं दूध दोनदा सांडलंय इथं."

तोही त्या धोंड्याला वळसा घालून रोज जात होता. मीही जात होतो.