शहाद्याच्या रानातला पिंगळा

नंदुरबारहून एस.टी. प्रकाशाला तापी ओलांडते आणि शहाद्याला येते. पुढे तोरणमाळचा रस्ता धरला की सातपुडा समोर उभा राहतो. लोक वर जातात, यशवंत तलाव पाहतात, सीताखाईत डोकावतात आणि परततात. पण पायथ्याच्या सागाच्या रानात एक पक्षी ११३ वर्षे जगाच्या नजरेआड राहिला, हे फार थोड्यांना ठाऊक असते.

हा रानपिंगळा. घुबडाच्या जातीचा, वीतभर उंचीचा. आपल्या वस्तीजवळच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात, याच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतात. १८७३ साली ॲलन ह्यूम यांनी (होय, काँग्रेसच्या स्थापनेतले तेच ह्यूम) त्याची पहिली नोंद केली. खानदेशातले इंग्रज अधिकारी जेम्स डेव्हिडसन यांनी शहादा भागात त्याचे नमुने गोळा केले. शेवटचा नमुना १८८४ चा. त्यानंतर पक्षी दिसलाच नाही. सलीम अलींसारख्यांनाही तो भेटला नाही.

घोटाळा निराळाच होता. कर्नल माइनर्ट्झहागेन नावाच्या बड्या साहेबाने १९१४ साली गुजरातेत मांडवीला हा पक्षी मारल्याचे सांगितले होते. साहेबाच्या शब्दावर शंका कोण घेणार? शोधणारे तिकडे शोधत राहिले. पुढे अमेरिकेच्या पामेला रासमुसेन यांनी तो नमुना बारकाईने तपासला. डेव्हिडसनचाच जुना पक्षी! ब्रिटिश म्युझियममधून चोरलेला, पेंढा बदलून नवी चिठ्ठी बांधलेला. बाईंनी साहेबाचा शब्द बाजूला ठेवला आणि जुन्या खऱ्या चिठ्ठ्यांवरची गावे धरली. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी सकाळी, चांगल्या उन्हात, शहाद्याजवळ एका निष्पर्ण झाडावर रानपिंगळा बसलेला सापडला. बेन किंग व डेव्हिड ॲबट हे सोबत होते. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यातच होते. वेगळा जिल्हा १९९८ चा.

घुबड रात्रीचे, असे आपण धरून चालतो. हा मात्र दिवसा शिकार करतो. सरडे, उंदीर पकडतो. म्हणजे शेतकऱ्याचा मदतनीसच. तरी घुबड म्हटले की अपशकुन! जादूटोण्यासाठी घुबडांचा जीव घेणारे भोंदू आजही आहेत. दुसरे संकट कुऱ्हाडीचे. जुन्या झाडाच्या ढोलीत तो अंडी घालतो. ते झाड गेले की घर गेले.

पुढे तो मेळघाटात आणि २०१४ साली थेट ठाणे जिल्ह्यात तानसाच्या रानातही आढळला. तरीही त्याची गणना संकटग्रस्त पक्ष्यांतच होते.

हिवाळ्यात तोरणमाळला जाणार असाल तर सकाळी पायथ्याशी थोडे थांबा. मुलांना उघड्या फांद्यांचे शेंडे पाहायला सांगा. ढोलीजवळ मात्र जाऊ देऊ नका.